वाजणारी खेळणी व दृष्टिबाधित बालकांचे हस्तकौशल्य

हलविल्यावर, दाबल्यावर किंवा ठोकल्यावर नाद करणाऱ्या खेळण्यांचा उपयोग दृष्टिबाधित बालकांच्या विशेष शिक्षणात केला जातो. पकड घेणे, दोन्ही हातांचा मेळ साधणे आणि बोटे स्वतंत्रपणे हलविणे ही कौशल्ये त्यांतून विकसित होतात.

नाद व स्पर्श

डोळस बालक साधारणतः चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसणाऱ्या वस्तूकडे हात नेऊ लागते. जन्मांध बालकाच्या बाबतीत केवळ आवाज ऐकवून दृष्टीची उणीव लगेच भरून निघत नाही. अमेरिकन अभ्यासक सेल्मा फ्रायबर्ग यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानुसार, अशी बालके निव्वळ आवाजाच्या दिशेने हात पुढे करू लागतात ती पहिल्या वर्षाच्या अखेरीस. जिथून आवाज येतो तिथे वस्तू असते, हे त्यांना आधी हाताने उमगावे लागते. म्हणून खेळणे प्रथम बालकाच्या हाती देऊन वाजवू देतात. त्यानंतर ते किंचित दूर सरकवून वाजवतात आणि शोधण्यास पुरेसा वेळ देतात. बालकाचा हात ओढला जात नाही. मोठ्या माणसाचा हात त्याच्या हाताखाली राहतो.

कौशल्यांचा क्रम

खुळखुळ्याने मूठ व मनगट वळते. टाळ वाजविताना दोन्ही हात शरीराच्या मध्यरेषेवर एकत्र येतात. खेळण्यातील पेटीच्या पट्ट्या दाबताना बोटे सुटी होतात. ब्रेल लिपीचे अक्षर सहा टिंबांच्या रचनेत बसते आणि ब्रेल टंकयंत्राच्या सहा मुख्य कळा दोन्ही हातांच्या तीन-तीन बोटांनी दाबाव्या लागतात. त्यामुळे ही तयारी पुढील लेखन-वाचनास उपयोगी पडते.

स्थानिक साधने

यवतमाळ जिल्ह्यासह विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा साजरा होतो. मुले त्यात चाके लावलेले लाकडी बैल मिरवितात. अशा बैलाला घुंगरू बांधल्यास दोरी ओढणे, आवाजाचा मागोवा घेणे आणि शिंगे, वशिंड, चाके चाचपून ओळखणे हे सर्व एकाच खेळात साधते. सणात इतर मुलांबरोबर सहभागी होण्याची संधीही बालकाला मिळते.

दक्षता

घरात दूरदर्शन संच सतत चालू असल्यास खेळण्याचा नाद वेगळा ओळखू येत नाही. कानाजवळ कर्कश वाजणारी, सुटे घुंगरू गिळले जाण्याचा धोका असलेली वा बटणाएवढ्या विद्युतघटाचे झाकण सैल असलेली खेळणी टाळावीत. एक कळ दाबताच आपोआप वाजत राहणाऱ्या खेळण्यात हाताला फारसे काम उरत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत (२०१३) अंगणवाड्या व शाळांतील बालकांची तपासणी होते. दृष्टिदोषाची शंका येताच नेत्रतपासणी करून घेणे आवश्यक असते. खेळणी हा उपचाराला पर्याय नव्हे.