सुरगाण्याचे शेतकरी आणि संघटनेचा धर्म

नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा हा डोंगराळ तालुका वसलेला आहे. १९४८ पर्यंत येथे एक लहानसे संस्थान होते. कोकणा, वारली, महादेव कोळी या आदिवासींची ही भूमी. पावसाळ्यात मुसळधार पाऊस, उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी पायपीट. भात-नागली घरात आली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जायचे. जी वनजमीन पिढ्यानपिढ्या कसली, तिच्या सातबाऱ्यावर मात्र आपले नाव नाही. अशा माणसाचा आवाज मुंबईच्या विधानभवनापर्यंत कसा पोहोचला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

अखिल भारतीय किसान सभा १९३६ साली लखनौ येथे स्थापन झाली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला तिची महाराष्ट्रातील परिषद भरली. गोदावरी व शामराव परुळेकरांच्या प्रयत्नाने ठाणे जिल्ह्यातील मोजके वारली तेथे आले आणि त्यांच्यापैकी एकाने व्यासपीठावरून आपल्या लोकांची व्यथा सांगितली. परतल्यावर त्यांनी ती वार्ता पाड्यापाड्यांत नेली. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे हजारो वारल्यांनी वेठबिगार नाकारली. परिषदेला जाणे, तेथे बोलणे आणि घरी येऊन शेजाऱ्याला सांगणे, एवढेच त्या मोजक्या सभासदांचे कार्य होते. परंतु त्यातून इतिहास घडला.

पुढे हीच संघटना सुरगाण्यातही रुजली. श्री. जिवा पांडू गावित यांना येथील मतदारांनी अनेक वेळा विधानसभेत पाठविले. तथापि संघटना एका नेत्यावर उभी राहत नाही. सभासद वर्गणी भरतो, गावच्या शाखेत बसतो. तालुका, जिल्हा व राज्य अशा पायऱ्यांनी अधिवेशने भरतात आणि प्रतिनिधी निवडले जातात. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे सोपविली आहे. गावची बैठक ओस पडली, तर वरची समिती कोणाच्या वतीने बोलणार?

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या किसान मोर्चात या बांधणीची कसोटी लागली. सुमारे १८० किलोमीटरची वाट हजारो स्त्रीपुरुषांनी सहा दिवसांत तुडविली. तालुक्या-तालुक्याचे लोक आपापले धान्य व सरपण घेऊन आले होते. मुक्कामी चुली पेटत होत्या. ११ मार्चला, उपवासकाळातील चौथ्या रविवारी, मोर्चा मुंबईत पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांची परीक्षा होती. त्यांना अडथळा होऊ नये म्हणून थकलेली, फोड आलेली पावले रात्रीच पुन्हा चालू लागली व पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. १२ मार्चला शासनाने लेखी आश्वासन दिले. तरीही मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा पायी निघावे लागले. त्या वेळी मोर्चा वाशिंदला थांबला आणि तेथे एका शेतकऱ्याचा मृत्यू झाला. आश्वासनाचा पाठपुरावा करण्यासाठीही सभासदांना जागे राहावे लागते.

या मोर्चाचे निशाण लाल होते, म्हणून आमचे काही वाचक बिचकतील. निरीश्वरवाद ख्रिस्तसभेने कधीच स्वीकारलेला नाही. परंतु पोप योहान तेविसावे यांनी १९६३ च्या ‘पाचेम इन तेर्रिस’ या परिपत्रकात चुकीचे तत्त्वज्ञान आणि त्यातून उगम पावलेली चळवळ यांत भेद केला आहे. चळवळीतील न्याय्य आकांक्षा ओळखावयास त्यांनी सांगितले. श्रमिकांना संघटित होण्याचा हक्क तर पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’मध्येच ठामपणे मांडला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी रविवारची सुटी मिळविली होती. २०२५ मध्ये निवडून आलेल्या परमगुरूंनी लिओ हे नाव घेताना त्याच परिपत्रकाचे स्मरण केले.

पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली आणखी एक तत्त्व मांडले. लहान समूहाला जे स्वतः करता येते, ते मोठ्याने हिरावून घेऊ नये. ते जितके शासनाला लागू आहे, तितकेच कामगार महासंघालाही. मात्र लहान समूहाने आपले काम टाकून दिले, तर ते आपसूक वर जाते, आणि मग ‘नेते आमचे ऐकत नाहीत’ ही तक्रार उरते.

आपल्या धर्मग्रामांत शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, बँकेत, बंदरात व कारखान्यात राबणारे बंधुभगिनी आहेत. पुष्कळांची वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते आणि संघटनेशी त्यांचा संबंध तेथेच संपतो. सुरगाण्याच्या शेतकऱ्याकडून त्यांनी एवढे तरी घ्यावे: शाखेच्या सभेला जावे, हिशेब विचारावा, महासंघाच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडताना मत द्यावे, प्रसंगी स्वतः उभे राहावे. ज्यांची संघटनाच नाही अशा घरकामगार भगिनींचा व कंत्राटी मजुरांचा प्रश्न तेथे मांडावा. संत पौलाने करिंथकरांना शरीर व अवयवांचा दाखला देऊन हेच समजाविले होते. दुर्बल अवयवाची काळजी वाहणे हे साऱ्या शरीराचे कर्तव्य आहे.