चक्रीवादळ आलं म्हणजे पाऊस आलाच का? बाष्पाचं गणित समजून घ्या

समुद्रात चक्रीवादळ उठल्याची बातमी आली की गावोगावच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो : आपल्याकडे पाऊस पडणार का? उत्तर वादळाच्या वाटेवर अवलंबून असतं. एकच वादळ एका भागाला झोडपतं आणि दुसऱ्या भागाला कोरडं ठेवतं.

वादळ बाष्प कसं ओढतं?

समुद्राचं पाणी साधारण २६-२७ अंशांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर वादळाला भरपूर बाष्प मिळतं. केंद्राजवळ हवेचा दाब कमी असल्याने लांबलांबचे दमट वारे तिकडे धावतात आणि गोल फिरत वर चढतात. वर गारवा लागला की बाष्पाचे ढग होतात, पाऊस पडतो. वर गेलेली हवा बाहेर पसरून काही अंतरावर खाली उतरते. खाली येताना ती तापते, कोरडी होते. तिथे ढग टिकत नाहीत.

बिपरजॉय, २०२३ : पाऊस लांबला

जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय उठलं. मान्सून ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला होता, पण वारे आणि बाष्प वादळाकडे खेचलं गेल्याने पुढची वाटचाल रखडली. वादळ १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊजवळ धडकलं. पुढे राजस्थानात जोरदार पाऊस झाला. मुंबईत मात्र मान्सून पोचायला २५ जून उजाडला.

गुलाब, २०२१ : मराठवाडा पाण्यात

याच्या उलट घडलं सप्टेंबर २०२१ मध्ये. बंगालच्या उपसागरातलं गुलाब वादळ २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. जमिनीवर त्याचा वारा मंदावला, पण बाष्प तेलंगणामार्गे मराठवाड्यावर आलं. अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. वारा ओसरला म्हणजे पाऊस संपला, असं नसतं.

शेतकऱ्यांनी काय पाहावं?

- वादळाचं केंद्र कुठे आहे आणि ते कुठल्या दिशेने सरकतंय, हे हवामान विभागाच्या नकाशावर बघावं.
- जूनमध्ये वादळाच्या एका सरीवर पेरणी करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस आणि जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच चाड्यावर मूठ धरावी. नाहीतर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.
- काढणीच्या दिवसांत वादळ आपल्याकडे वळत असेल तर कापलेला माल लगेच झाकावा.
- जिल्ह्याचा कृषी सल्ला ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो.