सेवाग्रामच्या शाळेंतील नागरिकत्वाचें शिक्षण

राज्यव्यवस्थेचा इतिहास लिहितांना कायदेमंडळांकडे जितकें लक्ष पुरविलें जातें, तितकें प्राथमिक शाळांकडे पुरविलें जात नाहीं. या दृष्टीनें सन १९३७ च्या आक्टोबरांत वर्धा येथें भरलेली शिक्षणपरिषद विचारार्ह आहे. त्या परिषदेनें नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीनें इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र हे विषय सामाजिक शिक्षणाच्या एकाच सदराखालीं आणिले. हिंदुस्थानी तालीमी संघाच्या सेवाग्राम येथील शाळेंत या तत्त्वास प्रत्यक्ष रूप आलें. स्वयंपाक, सफाई इत्यादि कामांकरितां मुलें आपल्यांतूनच मंत्री निवडीत. त्या मंत्र्यांस आमसभेपुढें केल्या कामाचा हिशेब द्यावा लागे.

१९३५ च्या कायद्यान्वयें मताधिकारास मालमत्ता, कर वा शिक्षण यांची अट असल्यामुळें त्या काळीं बहुसंख्य प्रौढांस मत नव्हतें. म्हणजे जो अधिकार राज्यांत वडील माणसांस नव्हता, त्याचा अभ्यास शाळेंत मुलें करीत होतीं! सार्वत्रिक प्रौढ मताधिकार पुढें १९५० च्या संविधानानें आला. मत देणें हा नागरिकत्वाचा अर्धा भाग होय. निवडलेल्यास जाब विचारणें हा उरलेला अर्धा. तो सेवाग्रामीं लहानपणींच शिकविला गेला, हेंच या प्रयोगाचें ऐतिहासिक महत्त्व होय.