उष्णतेची ठेव

मराठी घरांत एके काळी दिवसाचा प्रारंभ न्हाणीघरातील बंबाने होत असे. तांब्याचे ते उभे पात्र, त्याच्या पोटातील नळीत धगधगणारे कोळसे किंवा ढलप्या, आणि तोटीतून येणारे कढत पाणी, हे दृश्य आता दुर्मिळ झाले आहे. बंब पाणी तापवी. परंतु तापलेले पाणी रात्रभर तसेच राखणे हे त्याचे काम नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा विस्तव घालावाच लागे. उष्णता निर्माण करणे मनुष्याला फार पूर्वी साधले, ती साठवून ठेवणे मात्र उशिरा साधले. या साठवणीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण अमेरिकेत घडले, आणि ते यशाइतकेच विस्मरणाचेही आहे.

१८९१ साली बाल्टिमोर येथील क्लॅरेन्स केम्प याने सौर बंबाचे एकस्व मिळविले. काचेचे झाकण असलेल्या पेटीत काळ्या रंगाने रंगविलेल्या पाण्याच्या टाक्या, अशी त्याची साधी रचना होती. ‘क्लायमॅक्स’ या नावाने तो विकला जाई. कॅलिफोर्नियात ऊन विपुल आणि कोळसा महाग. त्यामुळे तेथे त्याचे चांगले स्वागत झाले. परंतु त्यात एक मूलभूत उणीव होती. जी टाकी ऊन घेई, तीच पाणी साठवी. दिवसा मिळविलेली उष्णता ती टाकी रात्री काचेतून आकाशाला परत करी. दुपारनंतर पाणी कढत मिळे. पहाटेच्या स्नानाला मात्र ते कोमट किंवा गारच असे.

ही उणीव विल्यम बेली याने १९०९ साली दूर केली. लॉस एंजलिसजवळच्या मन्रोव्हिया गावी त्याने ऊन घेणारा भाग आणि पाणी साठविणारा भाग वेगळे केले. छपरावरील काचेच्या पेटीत काळ्या पत्र्याला जोडलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि त्यांच्याहून उंच, घराच्या आत, उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेली टाकी, अशी ही योजना होती. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप टाकीत चढे, गार पाणी खाली उतरे. पंपाची गरजच नसे. ऊन गेले की हे अभिसरण थांबे आणि उष्णता टाकीत सुरक्षित राही. या उपकरणाचे नाव होते ‘डे अँड नाइट’. केम्पच्या बंबाला न साधलेली रात्र त्या नावातच आली होती.

ही ठेव केवढी, हे साध्या गणिताने कळते. दीडशे लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविले, तर त्यात सहा हजार किलोकॅलरी, म्हणजे विजेचे सुमारे सात युनिट, साठविले जातात. टाकीला ना गुंतागुंतीची यंत्रे लागतात, ना दुर्मिळ द्रव्ये. पाणी, पत्रा आणि जाड आवरण पुरते.

१९१३ साली दक्षिण कॅलिफोर्नियात अपूर्व थंडी पडली, नळ्यांतील पाणी गोठले आणि त्या फुटल्या. बेलीने नळ्यांत पाण्याऐवजी अल्कोहोलमिश्रित पाणी खेळवून त्यावरही उपाय काढला. निसर्गाचा आघात या उपकरणाने पचविला. बाजारभावाचा आघात त्याला पचला नाही. १९२०च्या दशकात लॉस एंजलिसच्या परिसरात नैसर्गिक वायूचे मोठे साठे सापडले आणि स्वस्त वायू घरोघर पोहोचला. सौर बंबांची विक्री घसरली. बेलीच्या कंपनीनेच पुढे वायूवर चालणाऱ्या बंबांत नाव कमावले. उष्णता राखणारी टाकी घरात राहिली, छपरावरचा सूर्य तेवढा उतरला.

फ्लोरिडात हीच कथा पुन्हा घडली. १९२०च्या दशकात सौर बंब तेथे गेले आणि १९४१च्या सुमारास मायामी शहरात घरोघर वापरात होते. मग महायुद्धात तांब्यावर निर्बंध आले, आणि युद्धानंतर वीज स्वस्त झाली. बंब छपरांवर गंजत राहिले.

जेथे इंधनच नव्हते, तेथे मात्र या विद्येला आश्रय मिळाला. इस्रायलमध्ये १९५०च्या सुमारास इंधनाची टंचाई इतकी तीव्र होती, की रात्रीच्या वेळी विजेवर पाणी तापविण्यास शासनाने बंदी केली. लेव्ही यिसार या अभियंत्याने १९५३ साली सौर बंबांचे उत्पादन सुरू केले. पुढे तेलाच्या जागतिक संकटानंतर, १९८० साली, नव्या निवासी इमारतींना सौर बंब सक्तीचा करणारा कायदा झाला. आज तेथील बहुसंख्य घरांच्या छपरांवर तो दिसतो.

एकविसाव्या शतकात याच टाकीपुढे नवे काम आले आहे. सौर वीज भर दुपारी अतोनात निर्माण होते, आणि मागणी वाढते ती सायंकाळी. दक्षिण ऑस्ट्रेलियात घरोघरच्या विजेच्या टाक्या पूर्वी स्वस्त दराच्या वेळी, रात्री तापत. २०२० पासून तेथे दुपारच्या विजेला सवलतीचा दर देऊन हे काम दिवसाकडे वळविण्यात येऊ लागले. टाकीतील उष्णतेची पुन्हा वीज करणे व्यवहार्य नाही, ही तिची मर्यादा खरी. परंतु ज्या घराला स्नानासाठी उष्णताच हवी, तेथे ती विजेच्या रूपाने परत मिळविण्याचे कारणही नाही.

या साऱ्या इतिहासात टाकी अशी कोठेच अयशस्वी ठरली नाही. ती मागे पडली, ती दुसरे इंधन स्वस्त झाले म्हणून. आणि परत आली, ती ते महागले किंवा संपले म्हणून. प्रत्येक वेळी कारागीर, नळ्या आणि सवय नव्याने जमवाव्या लागल्या. स्वस्ताईच्या काळात जी विद्या समाज मोडीत काढतो, तिची किंमत त्याला टंचाईच्या काळात मोजावी लागते. उष्णतेची ठेव टाकीत एक रात्र टिकते. ती ठेवण्याचे ज्ञान टिकविणे समाजाच्याच हाती असते.