घाटावरची लोकर, कोकणातला पाऊस

'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार मराठीत सर्वांच्या तोंडी आहे. भिजलेले घोंगडे वाळत घालण्याचा अनुभव मात्र आता थोड्यांनाच असेल. पाणी मुरले की ते जड होते आणि लवकर वाळत नाही, म्हणून लांबणीवर पडलेल्या कामास ही उपमा मिळाली. भाषेने घोंगडीचा दोष असा नेमका टिपला. तिचा गुण समजून घ्यायचा तर रत्नागिरीसारख्या जिल्ह्याकडे वळावे लागते.

रत्नागिरीत थंडी बेताची; पाऊस मात्र वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे. येथे घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतली जाई ती भातलावणीच्या दिवसांत, पावसात आणि वाऱ्यात. लोकरीच्या धाग्यावरील नैसर्गिक स्निग्धांश पाण्याचे थेंब काही काळ अडवून धरतो. वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प आत मुरले तरी लोकर हाताला ओली लागत नाही, आणि ते मुरताना थोडी ऊबही निर्माण होते. सुती कापडाला हे साधत नाही.

विशेष असे, की ज्या पावसासाठी ही घोंगडी हवी, तोच पाऊस दख्खनी मेंढीला मानवत नाही. सततच्या ओलीने तिचे खूर कुजतात. म्हणून फलटणसारख्या कोरड्या मुलखातील धनगरांचे कळप पावसाळा सरल्यावर घाट उतरून कोकणात येत आणि नवा पाऊस पडण्याआधी परतत. भाताच्या खाचरांत मेंढ्या बसवल्या जात. शेतकऱ्याला खत मिळे, धनगराला धान्य. धनगरांच्या या ऋतुमानाप्रमाणे चालणाऱ्या भ्रमंतीचा आणि त्यांच्या दैवतांचा संबंध गुंथर सोन्थायमर यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या जर्मन ग्रंथात उलगडून दाखवला आहे.

घाटावर लोकर कातरली जाई, बायका ती चरख्यावर कातीत, आणि सणगर खड्ड्यात पाय सोडून मागावर घोंगडी विणीत. धाग्याला चिंचोक्याची खळ असे. रंग देण्याचे कारण नव्हते. मेंढीचा काळा तोच घोंगडीचा काळा. तेव्हा रत्नागिरीच्या दृष्टीने 'स्थानिक' लोकर म्हणजे एका गावचा माल नव्हे. कुंभार्ली आणि आंबा यांसारख्या घाटांनी जोडलेल्या दोन मुलखांमधील ती देवघेव होती.

ही देवघेव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विस्कटत गेली. शेतात प्लास्टिकचा कागद आला, घरात पानिपतची स्वस्त ब्लँकेटे आली. दख्खनी मेंढीची लोकर मुळात जाडीभरडी; तिला भाव उरला नाही आणि मेंढी मुख्यतः मांसासाठी पाळली जाऊ लागली. लोकर विकून कातरणीची मजुरीही सुटेना, तेव्हा कातरलेली लोकर टाकून देण्याची पाळी मेंढपाळांवर आली.

आज शहरांतील प्रदर्शनांत 'नैसर्गिक', 'हातमागाची' अशी विशेषणे लावून घोंगडी मांडली जाते आणि घेणारेही भेटतात. या ओढीला आम्ही नावे ठेवणार नाही. बोचऱ्या पोताचे आणि लोकरीच्या वासाचे आकर्षण आम्हांसही आहे. परंतु घोंगडीचे कौतुक होत असताना लोकर उकिरड्यावर जात असेल, तर ते कौतुक अपुरे आहे. म्हणून घोंगडी घेताना पोत पाहावा, तशीच लोकर कोणत्या कळपाची आणि कातरणाऱ्याला काय मिळाले, हेही विचारावे. विक्रेत्याला हे सांगता आले, तर मेंढीपासून मागापर्यंतची साखळी अद्याप तुटलेली नाही असे समजण्यास हरकत नाही.