भातखंडे आणि ग्रंथाधार
मराठीत संगीतावर लिहिताना आधार देण्याची, म्हणजे एखादे विधान कोणत्या ग्रंथातून घेतले हे सांगण्याची शिस्त पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रुजवली. १९०४ साली दक्षिणेत हिंडून त्यांनी जुन्या संगीतग्रंथांचा शोध घेतला, आणि गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’च्या चार भागांत रागवर्णनाच्या जोडीला मूळ संस्कृत श्लोक दिले, त्यामुळे ग्रंथातला राग आणि मैफलीतला राग यांतली तफावत वाचकाला स्वतः ताडून पाहता आली, हे ऋण फार मोठे आहे. मात्र विष्णुशर्मा या नावाने लिहिताना त्यांनी ज्या ‘चतुर पंडिता’ची साक्ष वारंवार काढली, तो ‘लक्ष्यसंगीत’कार (लक्ष्य म्हणजे प्रचारातले गायन) स्वतः भातखंडेच होते.