नाझ्काच्या रेषा कोणी काढल्या?

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, लिमा या राजधानीपासून दक्षिणेला सुमारे ४०० किलोमीटरवर नाझ्काचे वाळवंट आहे. तेथे येणारे बरेच प्रवासी लहान विमानातून हा परिसर पाहतात. खाली सरळ रेषा, त्रिकोण, समलंब चौकोन आणि त्यांच्यामध्ये माकड, कोळी, हमिंगबर्ड अशी चित्रे दिसतात. कोळी सुमारे ४६ मीटर लांब, तर हमिंगबर्ड ९० मीटरांहून मोठा! साधारण इ.स.पू. ५०० ते इ.स. ५०० या काळातील ही कामगिरी आहे.

ती कशी साधली? या पठारावर लोह ऑक्साइडमुळे काळपट-तांबूस झालेले दगडगोटे पसरले आहेत. ते बाजूला केले की खालची फिकट माती उघडी पडते आणि रेषा तयार होते. पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून ती टिकते.

ती काढली कशासाठी, हा प्रश्न अवघड आहे. १९४१ साली २२ जूनला, म्हणजे तेथील सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास, पॉल कोसोक यांना एका रेषेच्या टोकाशी सूर्य मावळताना दिसला. हे प्रचंड पंचांग असावे, असे त्यांना वाटले. जर्मन गणितज्ञ मारिया रायखे यांनी पुढे अनेक दशके तेथे राहून मोजणी केली. पण १९६८ मध्ये जेराल्ड हॉकिन्स यांनी संगणकाने पडताळा घेतला, तेव्हा योगायोगाने जुळतील त्याहून फारशा रेषा सूर्य-ताऱ्यांशी जुळल्या नाहीत. शेकडो रेषांपैकी काही कुठल्यातरी ताऱ्याकडे रोखलेल्या असणारच! आज बहुतेक अभ्यासक या रेषांचा संबंध धार्मिक विधी आणि पाण्याची आस यांच्याशी जोडतात.

१९६८ मध्येच एरिक फॉन डेनिकेन यांनी परग्रहवासीयांच्या यानांसाठी येथे धावपट्ट्या असल्याची कल्पना लोकप्रिय केली. पुरावा मात्र निराळेच सांगतो. काही रेषांच्या टोकाशी लाकडी खुंट्या सापडल्या; नाझ्का लोकांच्या मातीच्या भांड्यांवरही अशाच आकृत्या आहेत. १९८२ साली जो निकेल यांनी मोजक्या मदतनिसांसह, खुंट्या व दोरीच्या साहाय्याने, विमान न वापरता १३४ मीटर लांबीचा कोंडोर पक्षी रेखून दाखवला. परग्रहवासीयांना श्रेय देताना आपण माणसांच्या हातांचे आणि बुद्धीचे श्रेय हिरावून घेतो, हे विसरू नये.

१९९४ पासून हा जागतिक वारसा आहे. तरीही धोका टळलेला नाही. महामार्गाने एका सरड्याचे पूर्वीच दोन तुकडे केले होते. २०१४ मध्ये घोषणा मांडायला आलेल्या कार्यकर्त्यांच्या पाऊलखुणा हमिंगबर्डजवळ उमटल्या. दुसरीकडे, २०२४ मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ३०३ नव्या आकृत्या शोधल्याचे जाहीर केले. त्यांतील बऱ्याच लहान असून पायवाटांलगत आहेत. चालणाऱ्या माणसालाही त्या दिसाव्यात, असाच त्यांचा हेतू असावा.

शाळेच्या मैदानावर हा प्रयोग करून पाहा. वहीत चौकटी आखून एक पक्षी काढा. चार खुंट्या, सुतळी आणि फक्की घेऊन तो वीसपट मोठा करा. वळणांसाठी खुंटीला सुतळी बांधून कंस काढा. मग गच्चीवरून पाहा. परग्रहवासीयांची गरज भासते का, हे विद्यार्थीच सांगतील.